हरण्याचा हंगाम कुणाला परवडतो?

35, 23, 18, 4, 8, 0, 37, 24.

मार्च 2023मध्ये एका कर्णधाराने आठ डावांत केलेल्या ह्या धावा. स्पर्धा विमेन्स प्रीमियर लीग, म्हणजे डब्ल्यूपीएल. तिचा पहिलाच हंगाम. संघ रॉयल चॅलेंजर्स बंगलोर, म्हणजे आरसीबी. आणि कर्णधार सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, त्या वर्षीच्या लिलावातली सगळ्यात महागडी खेळाडू. बेरीज केली तर 149. अर्धशतक एकही नाही. संघाने आठपैकी सहा सामने गमावले, त्यातले पहिले पाच सलग.

पुढच्याच वर्षी, 17 मार्च 2024 रोजी, ह्याच कर्णधाराने दिल्लीत चषक उचलला. त्यामुळे 2023चा हंगाम आज कुणाला आठवलाच तर एका वाक्यात आठवतो: आधी हरल्या, मग जिंकल्या. फोनवर शोधलंत तर चषकाचे व्हिडिओ मिळतील, सोफी डिव्हाइनच्या 99 धावा मिळतील. ते पाच पराभव रीलमध्ये मावत नाहीत.

माझं म्हणणं असं की त्या एका वाक्यात हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट हरवते. मुलींचा एक संघ पैसे घेऊन, टीव्हीवर, सगळ्या देशासमोर पुन्हा पुन्हा हरला, आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने मैदानात उतरला. आपल्याकडच्या मुलींच्या खेळात ह्याची सवय कुणालाच नव्हती. खेळणाऱ्यांना नाही, बघणाऱ्यांना नाही, आणि लिहिणाऱ्यांना तर मुळीच नाही.

पायरीची अट

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे शाळेच्या भिंतीवर वाचलं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. धीर द्यायला म्हण बरी आहे. पण तिला एक अट आहे आणि ती कुणी सांगत नाही: पायरीची किंमत वर पोचल्यावर ठरते. त्र्यंबकला ब्रह्मगिरी चढून आलेल्या माणसाला विचारा, तो वरचं सांगेल. मधल्या कुठल्या पायरीवर पाय थरथरले ते सांगणार नाही. आणि जो अर्ध्यातून परतला, त्याला कुणी विचारतच नाही.

खेळाच्या आपल्या गोष्टी ह्याच अटीवर रचलेल्या असतात. 'चक दे! इंडिया' (2007) आठवा. मुलींचा हॉकी संघ विश्वचषकातला पहिला सामना ऑस्ट्रेलियाकडून हरतो आणि मग जिंकत जिंकत पुन्हा ऑस्ट्रेलियासमोरच जाऊन उभा राहतो. पराभव एक, तोही शेवटी परतफेड करता यावी म्हणून ठेवलेला. सिनेमा म्हणून हे चोख आहे. पण सलग पाच पराभव कुठल्याच पटकथेला झेपत नाहीत. तिसऱ्या पराभवालाच प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला जाईल.

गोष्ट सिनेमातलीच असायला हवी असंही नाही. आमच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सगळ्या महाराष्ट्राला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून माहीत आहे. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पाड्यावरची मुलगी, डोंगरातल्या वाटा, मग पदक: ही गोष्ट इतकी सुबक आहे की ती तिथेच थांबवली जाते. 2016च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कविता मॅरेथॉन धावली आणि 120वी आली. उन्हात 42 किलोमीटर धावून तिने शर्यत पुरी केली. ह्या 120व्या क्रमांकाचं काय करायचं हे आपल्या गोष्टीला कळत नाही. म्हणीत अपयश आधी येतं आणि यश नंतर. यशानंतर आलेल्या अपयशाला ती म्हण लागूच पडत नाही, म्हणून ते गोष्टीतून गाळून टाकायचं.

2023चा आरसीबीचा हंगाम ह्या गाळणीतून एकदा बाहेर काढून नीट बघायला हवा.

पाच पराभव, पाच तऱ्हा

लिलाव 13 फेब्रुवारी 2023ला मुंबईत झाला. प्रत्येक संघाकडे 12 कोटी रुपये. पहिलंच नाव स्मृतीचं पुकारलं गेलं आणि बोली 3 कोटी 40 लाखांवर थांबली. पाठोपाठ एलिस पेरी 1 कोटी 70 लाख, रेणुका सिंग दीड कोटी, रिचा घोष 1 कोटी 90 लाख. ह्या चौघींतच साडेआठ कोटी गेले. उरलेल्या साडेतीन कोटींत आणखी चौदा जणी घ्यायच्या होत्या. ज्या डिव्हाइनने पुढे 99 मारले ती 50 लाखांत मिळाली, हे नशीबच.

लिलाव चालू असताना दक्षिण आफ्रिकेत टी-ट्वेंटी विश्वचषक सुरू होता. 23 फेब्रुवारीला केपटाउनमध्ये भारत उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाकडून 5 धावांनी हरला. 4 मार्चला लीग सुरू झाली. त्या पराभवाचा शीण घेऊन आलेल्या मुली, परदेशी खेळाडू आणि देशांतर्गत क्रिकेटमधल्या अनोळखी मुली, ह्यांना एकमेकींची नावं पाठ करायला जेमतेम आठवडा होता.

मग सामने. पहिले चार 5, 6, 8 आणि 10 मार्चला, म्हणजे सहा दिवसांत चार, चारही चर्चगेटच्या ब्रेबर्न स्टेडियमवर. मुली-बायकांना प्रवेश फुकट होता आणि स्टँड भरलेले होते.

पहिल्या सामन्यात दिल्लीने 2 बाद 223 केल्या. शेफाली वर्मा 84, मेग लॅनिंग 72. उत्तरात आरसीबीला अमेरिकेच्या तारा नॉरिसने पाच धक्के दिले. 60 धावांनी पराभव. दुसऱ्या दिवशी मुंबई इंडियन्सने 156चं लक्ष्य 14.2 षटकांत, एक गडी गमावून गाठलं. तिसरा सामना बरोबर महिला दिनी होता. गुजरातच्या सोफिया डंकलीने 18 चेंडूंत अर्धशतक केलं, गुजरात 201. ह्या वेळी मात्र आरसीबी झुंजली, 190पर्यंत गेली आणि 11 धावांनी हरली. चौथ्यात सोफी एकलस्टनने 13 धावांत 4 बळी घेतले, आरसीबी 138वर आटोपली, आणि एलिसा हिलीने एकटीने नाबाद 96 करत यूपीला एकही गडी न गमावता 13 षटकांत जिंकून दिलं.

ह्या चार सामन्यांत आरसीबीच्या गोलंदाजांनी 722 धावा दिल्या आणि समोरच्या संघाचे एकूण 10 गडी बाद झाले. एका डावात जितके बळी घ्यायचे, तितके चार सामने मिळून.

हा आकडा बघितला की दोष कर्णधाराच्या बॅटपेक्षा आधी हिशोबाच्या वहीत सापडतो. पैसा फलंदाजीवर जास्त गेला होता आणि गोलंदाजीत पर्याय कमी उरले होते. स्मृती आठही डावांत पन्नास काढून गेली असती तरी 2 बाद 223 आणि बिनबाद 139 ह्यांच्यावर औषध नव्हतं. पण चर्चा होत राहिली ती 3 कोटी 40 लाखांची. प्रत्येक बाद होण्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती.

पाचवा पराभव वेगळ्या जातीचा होता. 13 मार्चला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पेरीच्या नाबाद 67मुळे आरसीबीने 150 केल्या आणि दिल्लीला शेवटच्या षटकापर्यंत ओढत नेलं. दिल्ली जिंकली तेव्हा दोनच चेंडू उरले होते. गुणतक्त्यात 60 धावांचा पराभव आणि दोन चेंडूंचा पराभव सारखाच शून्य दाखवतो. पण आठ दिवसांपूर्वी जो संघ पहिल्याच भागीदारीत 162 धावा देत होता, तो आता सामना शेवटपर्यंत नेत होता. हरता हरता संघ तयार होत होता, आणि तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

15 मार्चला, त्याच नेरूळच्या मैदानावर, पहिला विजय आला. यूपी 135; आरसीबीसाठी पतियाळाच्या वीस वर्षांच्या कनिका आहुजाने 30 चेंडूंत 46 केल्या. कर्णधाराच्या धावा त्या दिवशी शून्य. मला हा ह्या हंगामातला सगळ्यात बोलका तपशील वाटतो. सिनेमा असता तर पहिला विजय कर्णधाराच्या शतकाने आला असता. इथे ती शून्यावर बाद होऊन बाहेर बसली होती आणि सामना एका जवळपास अनोळखी मुलीने जिंकून दिला.

त्यानंतर डिव्हाइनच्या 36 चेंडूंतल्या 99, गुजरातचं 189चं लक्ष्य साडेपंधरा षटकांत पार, आणि शेवटी मुंबईकडून आणखी एक पराभव. पाच संघांत चौथा क्रमांक. गुजरातचेही दोनच विजय होते. फक्त धावगतीने आरसीबी तळाला जायची वाचली.

जिंकल्या की लेकी

त्या पहिल्या विजयाआधी विराट कोहली ह्या मुलींना भेटायला आला होता. त्याची भेट उगाच नव्हती. पुरुषांच्या आरसीबीने तोवर 15 हंगाम खेळून एकदाही आयपीएल जिंकलं नव्हतं. ह्या पंधरा वर्षांत त्या संघावर विनोद झाले, मीम झाले, 'ह्या वर्षी चषक आमचाच' ह्या घोषणेची थट्टा झाली. पण त्यावरून 'पुरुषांनी क्रिकेट खेळावं का' किंवा 'पुरुषांच्या क्रिकेटला प्रेक्षक मिळेल का' असं कुणी विचारलं नाही. पुरुषांचा संघ हरतो तेव्हा तो संघ हरतो. मुलींचा संघ हरतो तेव्हा सगळा मुलींचा खेळच परीक्षेला बसवला जातो.

आपल्या क्रीडापानांची भाषा बघा. पराभवासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे: धुव्वा उडाला, धूळ चारली, लोळवलं, आणि अगदीच वाईट असेल तर पानिपत. ही भाषा पुरुषांसाठी घडली आणि त्यांना ती पेलते, कारण पुढच्या रविवारी पुन्हा सामना असतो. मुलींसाठी जिंकल्यावरचे शब्द वेगळे काढून ठेवलेले आहेत: रणरागिणी, वाघिणी, आणि सगळ्यात लाडका, लेकी. 'लेकींनी नाव काढलं.' हरल्यावर त्या कुणाच्या लेकी असतात? त्या दिवशी त्या नुसत्या 'महिला संघ' होतात. नात्याचा शब्द विजयाच्या अटीवर मिळतो. घरात असं वागलं तर आपण त्याला काय म्हणू, ते सांगायला नको.

ह्याला एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. 2017च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर भारत इंग्लंडकडून 9 धावांनी हरला. 229चं लक्ष्य, 3 बाद 191, आणि तिथून सर्वबाद 219. तरीही मुली परतल्या तेव्हा देशाने त्यांचं कौतुक केलं. म्हणजे मुलींचा पराभव आपल्याला चालतच नाही असं नाही. तो अंतिम फेरीतला हवा, थोडक्यातला हवा, डोळ्यांत पाणी आणणारा हवा. शोकांतिका आपल्याला झेपते. पानिपतावर पोसलेल्या भाषेला ती झेपणारच. झेपत नाही तो मंगळवार संध्याकाळचा साधा, कंटाळवाणा पराभव: गोलंदाजी पडली, धावा कमी पडल्या, उद्या पुन्हा सराव. व्यावसायिक खेळ मात्र बहुतांशी अशाच संध्याकाळींचा असतो.

दुसरा हंगाम कुणाचा

मग 2023मध्ये काय बदललं होतं? समाज एका महिन्यात शहाणा झाला नाही. बदललं होतं ते करारनाम्यात. मालकांनी आरसीबीचा महिला संघ घ्यायला 901 कोटी रुपये मोजले होते. प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी 951 कोटींना विकले गेले होते. इतके पैसे अडकल्यावर पाच पराभवांनी कुणी गाशा गुंडाळत नाही. गुजरातसाठी तर 1289 कोटी लागले होते. तो संघ 2023मध्ये शेवटचा आला, 2024मध्ये पुन्हा शेवटचा आला, आणि 2025मध्ये तिसरा आला. हरूनही टिकून राहण्याचा हक्क मुलींना कुणाच्या मोठ्या मनाने दिला नाही. तो कागदावर आला, मुदतीसह.

आणि कागदावरचा हक्क सगळ्यांना सारखा नसतो. हंगामानंतर आरसीबीने अकरा जणींना ठेवलं आणि सात जणींना मोकळं केलं. कर्णधार राहिली, आणि ते योग्यच होतं. एकवीस वर्षांची श्रेयांका पाटील राहिली. विदर्भाची दिशा कासट राहिली. पण महाराष्ट्राची पूनम खेमनार आणि विदर्भाची कोमल झंझाड जाणाऱ्यांत होत्या. 149 धावांचा हंगाम पचवून पुढच्या वर्षी पुन्हा नाणेफेकीला जाता येतं, जर तुमच्या नावापुढे कोटी असतील. लाखांतल्या मुलीला आपण काय करू शकतो हे दाखवायला हंगामच पुरत नाही. संघाच्या पराभवाचं बिल फाटतं तेव्हा ते तळाच्या टोकाकडून फाटतं. चषकाच्या गोष्टीत ह्या सात जणींना जागा नाही, आणि 'पहिली पायरी' ह्या म्हणीतही नाही.

लीगच्या बाहेर पडलं तर चित्र आणखी साफ होतं. 2016मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' झालं होतं. तीन संघ: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सना 24-23 असं एका गुणाने हरवलं. अंतिम फेरी न गाठलेल्या आइस दिवाजची कर्णधार होती मुंबईची अभिलाषा म्हात्रे, 2014च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघातली खेळाडू. ती स्पर्धा त्या रूपात पुन्हा झाली नाही. म्हणजे तिच्या संघाला 'आधी हरल्या, मग जिंकल्या' हे वाक्य म्हणायची संधीच मिळाली नाही. पूर्वार्ध झाला, उत्तरार्ध रद्द. ज्या खेळात महाराष्ट्राच्या गावागावांत मुली घाम गाळतात, त्याची ही कथा.

बास्केटबॉलमध्ये तर पूर्वार्धही धड नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी खेळाडू वर्षानुवर्षं भारताकडून खेळली, पण ह्या खेळातल्या मुलींना दरवर्षी भरणारी, पगार देणारी, टिकून राहिलेली लीग मिळाली नाही. बऱ्याच जणींचा आधार म्हणजे रेल्वेची नोकरी. 2017मध्ये बंगळुरूला ह्या संघाने कझाकस्तानला 75-73 असं हरवून आशियाच्या वरच्या गटात प्रवेश मिळवला. 2021मध्ये अम्मानला तोच भारत जपानकडून 46-136 असा हरला आणि खालच्या गटात परतला. 90 गुणांचा फरक. त्यावर हसणं सोपं आहे. जपानच्या मुली त्याच वर्षी ऑलिम्पिकचं रौप्यपदक जिंकून आल्या होत्या आणि त्यांच्या देशात पक्की लीग आहे, वर्षभर हरण्या-जिंकण्याची सोय आहे. आपल्या मुली अनेकदा मोठ्या स्पर्धेत, मोठ्या संघासमोरच हरायला शिकतात. हरण्याचा सराव घरी झाला नाही की तो परगावी, भर चौकात होतो.

नंतरचं

2024च्या विजेतेपदाकडे आता पुन्हा बघा. साखळीत आरसीबीने आठपैकी चार सामने जिंकले आणि चार हरले. तिसऱ्या क्रमांकावरून बाद फेरीत गेली, मुंबईला 5 धावांनी काढलं आणि अंतिम सामन्यात दिल्लीला 113वर गुंडाळलं. श्रेयांकाने 12 धावांत 4 बळी घेतले. 2023मध्ये राखलेली मुलगी 2024मध्ये स्पर्धेतली सर्वाधिक बळी घेणारी गोलंदाज ठरली. चमत्कार वगैरे काही नव्हता. वेळ मिळाला होता.

आणि 2025मध्ये काय झालं? गतविजेती आरसीबी पहिले दोन सामने जिंकली आणि मग सलग पाच हरली. पुन्हा पाच. पुन्हा चौथा क्रमांक. म्हणीप्रमाणे हे व्हायला नको होतं. पायरी तर ओलांडून झाली होती. पण खेळ जिन्यासारखा नसतो. त्यात वर गेलेला माणूस खाली येतो, पुन्हा जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताच्या मुली घरच्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड अशा तिघांकडून सलग हरल्या. 2 नोव्हेंबरला, नेरूळच्या त्याच डी. वाय. पाटील मैदानावर, त्यांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सलग तीन पराभवांनंतर त्या संघाचे हातपाय गळले नाहीत. त्यातल्या अनेकींना तीन वर्षांच्या लीगमध्ये हरून दोन दिवसांत पुन्हा मैदानात उतरायची सवय लागली होती. हे सिद्ध करता येणार नाही, पण मला ते खरं वाटतं.

म्हणून 2023चा हंगाम वाचताना त्याला 2024चं कुबडं लावायची गरज नाही. पुढे चषक आला नसता तरी त्या आठ सामन्यांत पाहण्यासारखं, लिहिण्यासारखं पुष्कळ होतं: 722 धावा देणारी गोलंदाजी, 11 धावांनी हुकलेला महिला दिन, दोन चेंडूंनी हुकलेला विजय, कनिकाच्या 46 धावा आणि शून्यावर बाद झालेली कर्णधार. क्रीडापानाला हे लिहिता यायला हवं, रणरागिणी न म्हणता आणि पानिपतही न करता. जसं पुरुषांच्या संघाबद्दल लिहितात, तसं.

आणि लीग चालवणाऱ्यांना, मालकांना, संघटनांना एकच प्रश्न विचारत राहायला हवा. विजेत्या मुलींचा सत्कार तुम्ही करालच. शेवटच्या आलेल्या संघाचा पुढचा हंगाम कधी आहे? आइस दिवाज 2016पासून त्याची वाट बघतायत.